शब्दांची कोठी लावणारा वैद्य

घरातल्या घरात जे लहानसहान खटके उडतात, त्यांकडे कान देऊन पाहिले तर एक मौज आढळते. त्यांचा सारा डोलारा दोन शब्दांवर उभा असतो. एक नेहमी आणि दुसरा कधीच नाही. सून नेहमी उशिरा उठते, सासूबाई कधीच बरे म्हणत नाहीत, मुलगा नेहमी उलट बोलतो, वडील कधीच ऐकून घेत नाहीत. खरे पाहता सून आठवड्यातून एखाद्या दिवशी उशिरा उठलेली असते आणि वडिलांनीही दहांतून चार वेळा तरी ऐकून घेतलेले असते. पण रागाला हिशेब ठेवण्याची सवय नसते. पुष्कळदा, कधीकधी, अधूनमधून, क्वचित हे मधले शब्द कोठीघरातल्या मागच्या फळीवरच्या बरण्यांसारखे धूळ खात पडून राहतात. खरेपणा मात्र बहुतेक वेळा त्याच बरण्यांत भरलेला असतो.

जुन्या पद्धतीने इंग्रजी शिकलेल्यांना या शब्दांची इंग्रजी माळ अजून तोंडपाठ असेल. ऑलवेज, युज्वली, ऑफन, सम्टाइम्स, सेल्डम, नेव्हर. ही माळ म्हणजे एक जिनाच आहे. वरच्या पायरीवर नेहमी, तळाच्या पायरीवर कधीच नाही, आणि मध्ये उतरत जाणाऱ्या चार पायऱ्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवणाऱ्या पिढीला या शब्दांचे अर्थ कठीण गेले नाहीत. कठीण गेली ती त्यांची जागा. मराठीत नेहमी हा शब्द घरच्या माणसासारखा वाक्यात कुठेही बसतो. इंग्रजीत त्याला पाट ठरलेला. मुख्य क्रियापद आले की त्याच्या आधी बसायचे, आणि असणे या अर्थाचे क्रियापद एकटेच आले की त्याच्यानंतर.

पाट सापडला तरी पुढचा प्रश्न उरतोच. ऑफन आणि फ्रीक्वेंटली यांचा अर्थ एकच, मग कोणता शब्द केव्हा घ्यायचा? सेल्डम म्हणावे की रेअरली? सम्टाइम्स, ऑकेजनली आणि नाउ अँड देन ही तीन भावंडे एकाच घरची, पण कोणाला कोणत्या समारंभाला न्यावे? थोडा विचार केला तर उत्तर आपल्या भाषेतच सापडते. घरात आपण वरचेवर म्हणतो आणि अर्जात वारंवार लिहितो. ऑफन, सेल्डम, सम्टाइम्स हे इंग्रजीचे मूळ घरचे शब्द. फ्रीक्वेंटली, रेअरली, ऑकेजनली हे लॅटिनच्या वाटेने आलेले. म्हणजे त्यांच्याकडेही आपल्यासारखाच तद्भव आणि तत्सम यांचा संसार आहे.

या भावंडांना, आणि त्यांच्यासारख्या हजारो शब्दांना, ज्याने प्रथम एका छपराखाली नीट रांगेत बसवले, त्या माणसाचे चरित्र आज सांगायचे आहे. त्यांचे नाव पीटर मार्क रॉजे. नावातल्या अखेरच्या अक्षराचा उच्चार करायचा नसतो हे ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे अनेकांनी त्यांना रोगेट म्हटले. ते व्यवसायाने वैद्य होते हे लक्षात घेता ही चूकही अगदीच अस्थानी नव्हे.

रॉजे यांचा जन्म 18 जानेवारी 1779 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जाँ रॉजे हे मूळचे जिनिव्हाचे. लंडनमधल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट मंडळींच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. आई कॅथरिन ही रोमिली घराण्यातली. हे घराणेही धर्मछळामुळे फ्रान्समधून इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्यांपैकी. परक्या मुलखात येऊन तिथलेच झालेले, पण घरात जुनी भाषा आणि जुने वळण जपणारे असे हे कुटुंब होते. आपल्या वाचकांना अशा घराची कल्पना वेगळी करून द्यायला नको. दोन भाषा वापरणाऱ्या घरातल्या मुलाला एक गोष्ट लवकर कळते, ती ही की वस्तू एक असली तरी तिची नावे अनेक असतात.

पीटर चार वर्षांचा असताना, 1783 मध्ये, वडील क्षयाने गेले. धाकटी बहीण ॲनेट तेव्हा तान्ही होती. आई तरुणपणीच विधवा झाली आणि तिचे मन पुढे कधी पुरते स्थिरावले नाही. ती मुलांना घेऊन या गावाहून त्या गावाला बिऱ्हाड हलवीत राहिली. तिच्या आईलाही मनाच्या विकाराने ग्रासलेले होते, आणि उतारवयात तिच्या स्वतःच्या मनातही संशयांनी घर केले. अशा घरात मुलगा शांत, लाजरा आणि टापटिपीचा निघाला. लहान वयातच वह्यांत शब्दांच्या याद्या करण्याचा त्याला छंद लागला. एका बाजूला लॅटिन शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अर्थ, आणि ते शब्दही विषयवार लावलेले. बाहेरचे जग घडोघडी बदलत होते. वहीतले जग जिथे ठेवले तिथेच सापडत होते.

या पोरक्या मुलाला वडिलांच्या ठिकाणी मिळाले ते मामा सॅम्युएल रोमिली. ते मोठे कायदेपंडित आणि पुढे पार्लमेंटचे सभासद झाले. इंग्लंडच्या कायद्यात त्या काळी दोनशेंहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. खिसा कापणाऱ्याची फाशी 1808 मध्ये रद्द झाली ती रोमिलींच्याच खटपटीने. भाच्याच्या शिक्षणावर त्यांचे बारीक लक्ष असे. 1793 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पीटर एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला आणि 1798 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला.

एकोणीस वर्षांच्या वैद्याकडे रोगी कशाला जातील? पुढची काही वर्षे रॉजे यांनी नाना उद्योग केले. ब्रिस्टलला डॉक्टर बेडोज यांनी निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करण्याची एक संस्था काढली होती. तिथे तरुण हम्फ्री डेव्ही नायट्रस ऑक्साइडचे, म्हणजे हसवणाऱ्या वायूचे, प्रयोग करीत होते. इतरांना त्या वायूने ब्रह्मानंदी टाळी लागे. रॉजे यांना नुसतीच घेरी आली आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. 1800 मध्ये काही आठवडे ते तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांच्याकडे राहिले. बेंथमना अन्न थंड ठेवणारी कोठी तयार करायची होती. ती कोठी काही साधली नाही.

1802 मध्ये मँचेस्टरच्या एका श्रीमंत कापूस-व्यापाऱ्याच्या दोन मुलांना घेऊन रॉजे शिक्षक म्हणून युरोपच्या प्रवासाला निघाले. पॅरिस पाहून मंडळी जिनिव्हाला पोचली, आणि मे 1803 मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध पुन्हा पेटले. फ्रेंचांच्या ताब्यातल्या मुलखात सापडलेल्या प्रौढ इंग्रज पुरुषांना अडकवून ठेवण्याचा हुकूम नेपोलियनने काढला. जिनिव्हा तेव्हा फ्रान्सला जोडलेले होते. चोवीस वर्षांच्या या लाजऱ्या वैद्यावर परक्याची दोन मुले सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारी आली. त्यांनी मुलांना आधी पुढे सुरक्षित मुलखात पाठवले. मग वडिलांच्या जन्मगावाचा आधार घेऊन आपण जिनिव्हाचेच नागरिक आहोत असे कागदोपत्री सिद्ध केले, आणि आडवाटांनी जर्मनीत निसटून वर्षअखेरीस सगळ्यांना घेऊन इंग्लंड गाठले. त्याच वेळी तिथे असलेला त्यांचा एक इंग्रज स्नेही मात्र अडकला, तो नेपोलियन पडेपर्यंत सुटला नाही. एका शब्दाने माणूस कैदी होतो आणि दुसऱ्या शब्दाने मोकळा होतो, हा धडा रॉजे यांना पुस्तकाबाहेर मिळाला.

1804 मध्ये ते मँचेस्टरच्या इस्पितळात वैद्य झाले. कापसाच्या गिरण्यांचे, धुराचे आणि तापाच्या साथींचे ते शहर. दिवसभर रोगी पाहायचे, व्याख्याने द्यायची, आणि उरलेल्या वेळात वही उघडायची. वैद्याचा पहिला प्रश्न काय दुखते हा असला, तरी दुसरा प्रश्न किती वेळा हाच असतो. ताप रोज येतो, की एक दिवसाआड, की दोन दिवस सोडून? घेरी वारंवार येते की क्वचित? रोगी सांगतो नेहमी. वैद्याला त्या नेहमीतून खरा आकडा काढावा लागतो. रॉजे यांनी याच शहरात, 1805 मध्ये, शब्दांची आपली पहिली विषयवार यादी पुरी केली. स्वतःच्या लेखनाला मदत व्हावी एवढाच तिचा हेतू होता. ती वही त्यांनी जवळजवळ अर्धे शतक कोणाला छापायला दिली नाही; पण ती मिटूनही ठेवली नाही.

पुढे ते लंडनला आले आणि तिथेच स्थायिक झाले. त्यांच्या उद्योगांची यादी पाहून छाती दडपते. गुणाकार-भागाकाराच्या सरकपट्टीला त्यांनी नवे मापन जोडले, त्यामुळे तिच्यावर घात आणि मुळेही काढता येऊ लागली. त्या कामगिरीवर 1815 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. 1824 च्या डिसेंबरात त्यांनी एक निबंध वाचला. उभ्या फटींतून धावत्या गाडीचे चाक पाहिले की त्याचे आरे वाकलेले का दिसतात, हा त्याचा विषय. पुढे चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या निबंधाला आपल्या कुळाच्या मूळ पुरुषांत जागा दिली. ती पुरतीच रास्त होती असे नाही, पण गाडीच्या चाकातही काय वारंवार येते आणि काय फक्त तसे भासते, हे पाहत बसणारा माणूस त्यातून दिसतो. लंडनच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या समितीवर ते होते. प्राणी आणि वनस्पती यांच्या शरीरव्यापारांवर 1834 मध्ये त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. बुद्धिबळाची कूटे त्यांनी रचली आणि खिशात मावणारा पटही तयार केला. 1827 पासून 1848 पर्यंत, एकवीस वर्षे, ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते.

ही झाली बाहेरची यादी. आतल्या यादीत मरणे होती. 1818 च्या ऑक्टोबरअखेर मामा रोमिलींची पत्नी वारली. रोमिलींना तो धक्का सोसेना. भाचा वैद्य, तोच त्यांच्या शुश्रूषेला घरात राहिला. चारच दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, क्षणभर एकांत मिळाला तेवढ्यात रोमिलींनी वस्तऱ्याने गळा कापून घेतला. ज्याने शेकडो अनोळखी माणसांच्या गळ्याचा फास सोडवण्यासाठी आयुष्य घातले, त्याला त्याच्याच घरात वाचवता आले नाही, आणि वाचवण्यासाठी नेमलेला माणूस आपण होतो, हे रॉजे यांना जन्मभर बरोबर वागवावे लागले. 1824 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मेरी हॉब्सनशी लग्न केले. केट आणि जॉन लुईस ही दोन मुले झाली. सुखाची नऊ वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, 1833 मध्ये, मेरी कर्करोगाने गेली. बहिणीला आणि पुढे मुलीलाही विषण्णतेने गाठले. त्यांच्या घराण्यात दुःख सटीसामाशी येणारे नव्हते; ते वारीसारखे येत राहिले.

रॉजे यांनी या दुःखाविषयी फारसे लिहिले नाही. त्यांनी शब्द लावले. दुःखातून सुटण्यासाठीच त्यांनी याद्या केल्या असे काही चरित्रकार म्हणतात. इतके ठाम विधान करण्याचे कारण नाही. पण एवढे दिसते, की घरातले काहीही जागेवर राहत नसताना हा माणूस रोज थोडा वेळ अशा कोठीत जात होता, जिथे प्रत्येक वस्तूला फळी होती आणि प्रत्येक फळीसमोर तिच्या उलट अर्थाची फळी होती.

1848 मध्ये चिटणिसाचे काम सुटले. अखेरच्या वर्षांत संस्थेच्या कारभारावर टीका झाली होती आणि तिचे शिंतोडे त्यांच्यावरही उडाले होते. सत्तरीला टेकलेल्या माणसाने काठी घेऊन बागेत बसावे असा तो काळ. रॉजे यांनी 1805 ची वही बाहेर काढली. चार वर्षे रोज बसून त्यांनी ती वाढवली, आणि 1852 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा थिसॉरस लंडनच्या लाँगमन प्रकाशनाने छापून प्रसिद्ध केला. थिसॉरस हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ खजिना. आपल्या कोश या शब्दाचाही एक अर्थ खजिनाच. पृथ्वीच्या दोन टोकांना माणसांनी शब्दसंग्रहाला एकच नाव द्यावे, ही गोष्ट सुखावणारी आहे.

या पुस्तकाचे वेगळेपण काय? डॉक्टर जॉन्सनचा 1755 चा कोश आणि आपल्याकडचा मोल्सवर्थचा 1831 चा कोश हे अक्षरांच्या क्रमाने चालतात. शब्द ठाऊक असेल तर ते अर्थ सांगतात. पण मनात अर्थ घोळतो आहे आणि शब्द जिभेवर येत नाही, अशा माणसाने काय करावे? समानार्थी शब्दांची पुस्तके इंग्रजीत त्यापूर्वीही होती. हेस्टर पिओझी या विदुषीने 1794 मध्ये रोजच्या संभाषणातल्या शब्दांवर असे पुस्तक लिहिले होते, आणि जॉर्ज क्रॅब याने 1816 मध्ये. त्यांनी दोन जवळच्या शब्दांतला भेद उदाहरणांनी समजावून दिला. रॉजे यांनी उलट वाट धरली. त्यांनी सगळ्या मानवी कल्पनांचे सहा वर्ग केले. अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छा आणि भावना. या वर्गांचे पोटवर्ग पाडून एकूण हजार शीर्षके केली, आणि प्रत्येक शीर्षकाखाली शब्दांची रास घातली. भेद समजावून सांगण्याच्या भरीस ते पडले नाहीत. वाचकाला भाषा येते आणि योग्य शब्द समोर आला की तो ओळखेल, यावर त्यांनी विश्वास टाकला.

आपल्या सहा पायऱ्यांच्या जिन्याचे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. शाळेत ही सहा क्रियाविशेषणे एका ओळीत उभी असतात. रॉजे यांच्या कोठीत ती निरनिराळ्या फळ्यांवर गेली. कालाच्या पोटवर्गात कालाचा अभाव हे 107 वे शीर्षक, तिथे नेव्हर. 112 वे शाश्वततेचे, तिथे ऑलवेज. 136 वे वारंवारतेचे, तिथे ऑफन आणि त्याचा मोठा गोतावळा. समोरच 137 वे विरळपणाचे, तिथे सेल्डम आणि रेअरली. त्यानंतर 138 मध्ये नियमाने पुन्हा येणारे आणि 139 मध्ये अनियमाने येणारे. सम्टाइम्स आणि ऑकेजनली यांना त्यांनी विरळपणाकडे न टाकता वारंवारतेच्या बाजूला बसवले. कधीकधी घडते म्हणजे घडते तर खरे, असा तो कौल आहे. आणि युज्वली? त्याचे खरे घर कालात नाहीच. ते पाचव्या वर्गात, इच्छेच्या प्रांतात, सवय या 613 व्या शीर्षकापाशी. एखादी गोष्ट बहुतेक वेळा घडते ती घड्याळामुळे नव्हे, तर आपल्या सवयीमुळे, हे त्यांनी काही न बोलता नुसत्या जागेने सांगितले.

आता आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. रॉजे यांनी प्रस्तावनेच्या एका तळटीपेत आपल्या आधीच्या अशा प्रयत्नांचा उल्लेख केला आहे, आणि त्यांत सर्वांत जुना म्हणून नाव घेतले आहे ते अमरकोशाचे. कोलब्रुकने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1808 मध्ये श्रीरामपूरला छापले गेले होते, ते त्यांच्या पाहण्यात आले. पण अमरसिंहावर त्यांनी प्रसन्न मुद्रेने पाहिले नाही. निसर्गातल्या वस्तूंची मांडणी त्यांना बरी वाटली. अमूर्त कल्पनांची मात्र अगदी गोंधळाची. पहिल्याच वर्गात स्वर्ग, देव, दैत्य, अग्नी, वायू यांच्या पाठोपाठ वेग, सातत्य आणि आधिक्य हे यावे, याचे त्यांना नवल वाटले.

ज्यांच्या घरी पहाटे अमरकोशाची संथा झाली आहे, त्यांना यात गोंधळ दिसणार नाही. स्वर्गवर्गात दिक्पाल येतात. त्यांत वरुणानंतर वायू. वायूची नावे सांगताना अमरसिंह त्याला सदागती म्हणतो, म्हणजे नेहमी चालणारा. वायू आला की त्याचा वेग आला. वेग आला की लगबगीचे शब्द आले. आणि जो कधी थांबत नाही त्याच्या मागोमाग नित्य, अविरत, सतत, अजस्र, अनवरत ही नेहमीची अव्यये आली. मग अतिशयाचे शब्द, आणि त्यानंतर पुढचा दिक्पाल कुबेर. उरलेल्या मुहुः, असकृत्, पुनःपुनः, अभीक्ष्ण या वारंवारतेच्या शब्दांना तिसऱ्या कांडात अव्ययवर्गात वेगळी जागा आहे. रॉजे यांची कोठी डोळ्यांनी शोधण्यासाठी लावलेली. अमरसिंहाची तोंडपाठ करण्यासाठी. एकीत नकाशा लागतो, दुसरीत एका शब्दाचे बोट धरले की तो पुढच्याकडे नेऊन पोचवतो. दीडेक हजार श्लोकांचा कोश पिढ्यान्‌पिढ्या मुखात राहिला तो या दुसऱ्या युक्तीने. रॉजे यांच्या बुद्धीचा मान ठेवूनही, इथे त्यांनी न्यायनिवाडा घाईने केला असे म्हणावे लागते. अमरसिंहाची वाट आपल्याकडे पुढेही चालू राहिली. शिवछत्रपतींच्या काळच्या राज्यव्यवहारकोशाची रचनाही वर्गवारच आहे.

मराठीच्या कोठीतही हे शब्द काही कमी नाहीत. नेहमीसाठी सदा, सदैव, हरहमेश, हरघडी, उठल्याबसल्या. वारंवारसाठी वरचेवर, पुनःपुन्हा, घडोघडी. मधल्या पायरीवर कधीमधी, अधूनमधून, मधूनमधून. खाली क्वचित, सटीसामाशी आणि कपिलाषष्ठीचा योग. इंग्रज विरळ गोष्टीसाठी निळ्या चंद्राकडे बोट दाखवतो, आपण पंचांग उघडतो. सहसा हा तर चमत्कारिक शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ एकाएकी. मराठीत तो बहुतकरून नकारालाच चिकटतो. तो सहसा येत नाही असे म्हणताना आपण दार पुरते लावीत नाही, थोडे किलकिले ठेवतो. रोजच्या बोलण्यातला सुसंस्कृतपणा पुष्कळदा त्या फटीतच असतो.

रॉजे यांचा ग्रंथ त्यांच्या हयातीतच पंचवीसहून अधिक वेळा छापला गेला, आणि प्रत्येक वेळी ते समासात नवे शब्द भरीत राहिले. 12 सप्टेंबर 1869 रोजी, वेस्ट मॉल्व्हर्न येथे, वयाच्या नव्वदीत त्यांनी देह ठेवला. मुलगा जॉन लुईस याने वडिलांच्या समासांतले शब्द घेऊन आणि शेवटची अकारविल्हे सूची पुष्कळ वाढवून 1879 मध्ये नवी आवृत्ती काढली. त्याच्यामागून नातवाने काम हाती घेतले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा उद्योग घरातच राहिला. मध्यंतरी शब्दकोड्यांचे वेड पसरले तेव्हा तर पुस्तक घरोघरी गेले.

त्या नातवाचे नाव सॅम्युएल रोमिली रॉजे. 1818 च्या त्या नोव्हेंबरात भाच्याच्या हातून जो मामा निसटला, त्याचे नाव शब्दांच्या या कोठीच्या दारावर येऊन बसले. रॉजे यांना माणसे धरून ठेवता आली नाहीत. कोणालाच ती येत नाहीत. पण जे जाते त्याच्यासाठी योग्य शब्द सापडावा, तो नेहमी आणि कधीच नाही एवढ्यावर थांबू नये, म्हणून या वैद्याने साठ वर्षांहून अधिक काळ रोज थोडे थोडे काम केले.

संध्याकाळी घरात पुन्हा खटका उडेल तेव्हा जिभेवर आलेला नेहमी हा शब्द क्षणभर मागे घेऊन पाहावा. कोठीतल्या मागच्या फळीवर हात घालून पुष्कळदा किंवा कधीकधी शोधावा. भांडण मिटेलच असे नाही. पण जे बोलले जाईल ते खरे असेल, आणि खऱ्या बोलण्याला उत्तर देणे समोरच्याला सोपे जाते.